झुंजार पुन्हा हाती घ्या
तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड वाचलेल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या ज्येष्ठांनी ती छोटेखानी रहस्यकथा पुन्हा उघडावी. हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या या लेखकाकडे वर्णनांचा पसारा नाही. संवाद धावतात, एक संकट टळते न टळते तोच दुसरे उभे राहते. पात्रे मोजकी असल्याने उतारवयातही कथेचा धागा सुटत नाही. मात्र निजताना वाचू नये. उत्कंठेने झोप उडते. नजर साथ देत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्यावे. शुश्रूषा करणाऱ्यांनो, आवडीचे वाचन कुणी अचानक सोडले, तर ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नका. ती विस्मरणाची सुरुवात असू शकते किंवा मोतीबिंदूही. डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रियेनंतर बहुधा तेच पुस्तक पुन्हा वाचता येते.