दर फळ्यावर, शिल्लक पानावर : कॉन्स्टंट आणि स्टॅटिक व्हेरिएबल समजून घेताना



इंदूरमधील आपल्या बहुतेक घरांत आज कोणी ना कोणी संगणकाचे शिक्षण घेत आहे. कोणाची नात अकरावीत पायथॉन शिकते, कोणाचा भाचा इंजिनिअरिंगला जावा शिकतो, तर कोणाची सून सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये हमखास अडवणारी एक जोडी आहे, ती म्हणजे कॉन्स्टंट आणि स्टॅटिक व्हेरिएबल. पुस्तकात दोघांची व्याख्या दोन-दोन ओळींची असते. ती पाठ होते, परंतु प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिताना कोठे काय वापरायचे हे उमगत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सगळी नोकरी बँकेत झाली. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण ही वाटणी संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून बँकेच्या लेजरमध्ये होती. ज्यांनी लेजर पाहिले आहे, त्यांना हा विषय अर्धा येतोच.

लेजरचे पान म्हणजे ऑब्जेक्ट

जुन्या शाखेत प्रत्येक बचत खात्याला लेजरमध्ये एक पान असे. त्याला आपण फोलिओ म्हणत होतो. पानाचा नमुना छापील : वर नाव, पत्ता, खातेक्रमांक, खाली तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. हा कोरा छापील नमुना म्हणजे क्लास. त्या नमुन्यावर एका खातेदाराचे नाव घालून उघडलेले पान म्हणजे ऑब्जेक्ट. नमुना एकच, पाने हजारो.

आता या पानाशी संबंधित तीन प्रकारचे आकडे पाहू.

पहिला प्रकार शिल्लक. ती प्रत्येकाची वेगळी, म्हणून ज्याच्या त्याच्या पानावर. प्रोग्रामच्या भाषेत हे ऑब्जेक्टचे स्वतःचे व्हेरिएबल.

दुसरा प्रकार बचत खात्याचा व्याजदर. तो सर्व खात्यांना एकच. तो प्रत्येक पानावर लिहीत नसत. शाखेत दर्शनी भागी टांगलेल्या फळ्यावर एकदाच लिहीत. परिपत्रक आले की जुना आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. हे स्टॅटिक व्हेरिएबल.

तिसरा प्रकार एका रुपयाचे १०० पैसे. हे ना शाखा बदलू शकते, ना मुख्यालय. हा कॉन्स्टंट.

कागदावर मांडले तर असे दिसेल :

क्लास बचतखाते
कॉन्स्टंट : रुपयातले पैसे = १००
स्टॅटिक : व्याजदर = ३.५
प्रत्येक खात्याचे स्वतःचे : खातेक्रमांक, नाव, शिल्लक

‘स्टॅटिक’ म्हणजे न बदलणारे नव्हे

मुलांचा पहिला गोंधळ या शब्दामुळेच होतो. स्टॅटिक म्हणजे स्थिर, स्थिर म्हणजे न बदलणारे, मग कॉन्स्टंट आणि स्टॅटिक यांत फरक काय? फरक असा की येथे स्थिर आहे ती जागा. फळा भिंतीला खिळ्याने ठोकलेला आहे, त्यावरचा खडूचा आकडा मात्र पुसता येतो. कॉन्स्टंट म्हणजे पितळी पाटीवर कोरलेला आकडा. तो पुसता येत नाही.

जावामध्ये कोरलेपणासाठी ‘फायनल’ हा शब्द आहे आणि सर्वांना सामाईक ठेवण्यासाठी ‘स्टॅटिक’. दोन्ही एकत्र लिहिले की सर्वांना सामाईक असलेली कोरीव पाटी मिळते. म्हणूनच जावामध्ये बहुतेक कॉन्स्टंट ‘स्टॅटिक फायनल’ असे जोडीने लिहिलेले दिसतात. पायथॉनमध्ये अशी कोरीव पाटी भाषाच देत नाही. तेथे कॉन्स्टंटचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि सर्वांनी त्याला हात न लावण्याचा संकेत पाळायचा.

फळा का हवा : ३ मे २०११

बचत खात्याचा दर पूर्वी रिझर्व्ह बँक ठरवीत असे. १ मार्च २००३ पासून तो ३.५ टक्के होता. आठ वर्षे हा आकडा हलला नाही. मग ३ मे २०११ रोजी तो ४ टक्के झाला.

समजा, एखाद्या प्रोग्रामरने हा दर प्रत्येक खात्याच्या ऑब्जेक्टमध्ये स्वतंत्र ठेवला आहे आणि शाखेत आठ हजार खाती आहेत. म्हणजे त्या दिवशी आठ हजार ठिकाणी दुरुस्ती आली. त्यातली चाळीस खाती राहून गेली, तर त्या चाळीस खातेदारांना जुनाच दर मिळत राहणार. पन्नास हजार शिल्लक असणाऱ्याचे वर्षाला २५० रुपये कमी. रक्कम लहान असेल, परंतु ती पेन्शनवर जगणाऱ्या माणसाची असू शकते, आणि पासबुकात आलेले व्याज स्वतः मोजून पाहणारे खातेदार फार थोडे. चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. दर स्टॅटिक असेल, तर तो एका ठिकाणी बदलला की आठ हजार खात्यांना लागू होतो.

पायथॉन शिकणाऱ्यांनी येथे एक सापळा लक्षात ठेवावा. सामाईक दर बदलताना तो क्लासच्या नावाने बदलावा लागतो. एखाद्या खात्याच्या नावाने बदलायला गेलो, तर पायथॉन तक्रार न करता त्या एका खात्यापुरता नवा दर तयार करतो. म्हणजे फळा तसाच ठेवून लेखनिकाने एकाच्या पानावर पेन्सिलीने ४ लिहून ठेवले, असा प्रकार होतो. बाकीची खाती ३.५ टक्क्यांवरच राहतात.

फळ्याला कालचे आठवत नाही

स्टॅटिकची एक मोठी मर्यादा पुस्तकात सहसा सांगितलेली नसते. फळ्यावर आजचा दर असतो. कालचा पुसलेला असतो.

१ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतची किमान शिल्लक धरत असत. आता एका खात्यात १ जानेवारी ते ३० जून २०११ असे १८१ दिवस सतत एक लाख रुपये होते असे धरू. वर्षाचे ३६५ दिवस घेऊ आणि पूर्णांक करण्याचे नियम बाजूला ठेवू.

पहिले १२२ दिवस ३.५ टक्क्यांनी : १,१६९ रुपये ८६ पैसे.
पुढचे ५९ दिवस ४ टक्क्यांनी : ६४६ रुपये ५८ पैसे.
एकूण : १,८१६ रुपये ४४ पैसे.

प्रोग्रामने ३० जूनला नुसत्या फळ्याकडे पाहून सगळ्या १८१ दिवसांना ४ टक्के लावले, तर उत्तर येते १,९८३ रुपये ५६ पैसे. बँकेचे १६७ रुपये १२ पैसे जास्त गेले. एका खात्यात हे किरकोळ वाटेल. लाखो खात्यांत तो ताळेबंदात दिसणारा आकडा होतो.

म्हणून दरासाठी नुसता स्टॅटिक पुरत नाही. ‘या तारखेपासून हा दर’ अशी नोंदवहीच ठेवावी लागते. आपण परिपत्रकांची फाइल तारखेवार लावून ठेवत होतो ती याचसाठी. ती फाइल सर्व खात्यांना सामाईक असते, म्हणजे वृत्तीने स्टॅटिकच. फक्त एका आकड्याऐवजी तीत तारखांसह सगळे आकडे असतात.

पुढे २५ ऑक्टोबर २०११ पासून रिझर्व्ह बँकेने हा दर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. एक लाखापर्यंतच्या शिलकीला एका बँकेत एकच दर, त्यावरच्या शिलकीला वेगळा दर देता येईल, असा नियम झाला. म्हणजे काल जो आकडा साऱ्या देशाला सामाईक होता, तो आज एका बँकेपुरता सामाईक झाला आणि शिलकीच्या टप्प्यावरही अवलंबून राहू लागला. आकडा कोणाचा, याचे उत्तर असे काळानुसार बदलते.

बरेच दिवस न बदललेले म्हणजे कॉन्स्टंट नव्हे

ठेवींवरील विम्याची मर्यादा १ मे १९९३ पासून एक लाख रुपये होती. ती ४ फेब्रुवारी २०२० रोजी पाच लाख झाली. मधली जवळजवळ २७ वर्षे तोच आकडा. १९९३ साली बँकेत लागलेला मनुष्य निवृत्तीला आला तरी त्याने दुसरा आकडा पाहिला नसेल. त्याला तो कॉन्स्टंट वाटला तर नवल नाही. पण जो आकडा ठरावाने किंवा परिपत्रकाने बदलू शकतो, तो कितीही वर्षे टिकला तरी फळ्यावरचाच.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या सनदेने १९२० साली सुरू झालेली बँक ऑफ इंदूर पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर झाली, आणि २६ ऑगस्ट २०१० रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. ‘स्टेट बँक ऑफ इंदूर’ हे नाव कधी बदलेल असे इंदूरकरांच्या मनात आले असेल का? ज्या प्रोग्राममध्ये बँकेचे नाव पासबुकाच्या छपाईत, पावतीत, पत्रात असे शंभर ठिकाणी अक्षरशः लिहिलेले असेल, तेथे अशा वेळी शंभर ठिकाणी शोधाशोध. एकाच ठिकाणी नाव देऊन ठेवले असेल, तर काम एका ओळीचे. कॉन्स्टंटला नाव देण्याचा मोठा फायदा हाच. दुसरा फायदा वाचणाऱ्याला होतो : प्रोग्राममध्ये नुसता १०० दिसला तर तो रुपयातले पैसे, टक्केवारीचा भाजक की किमान शिल्लक, हे कळायला मार्ग नसतो.

खरे म्हणजे रुपयातले १०० पैसेसुद्धा अनादी काळापासूनचे नाहीत. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे होते. तरीही त्याला कॉन्स्टंट म्हणणे योग्यच, कारण तो बदलायला संसदेचा कायदा लागला, आणि असा बदल झाला की सगळी वहीच नव्याने मांडावी लागते.

जावामध्ये याचा तांत्रिक परिणामही आहे. एका फाइलमधील साध्या कॉन्स्टंटची किंमत, कंपाइल होताना, तो वापरणाऱ्या इतर फाइलींत उतरवून घेतली जाते. नंतर मूळ फाइलमध्ये आकडा बदलून तेवढीच फाइल कंपाइल केली, तर इतर फाइली जुनाच आकडा धरून बसतात. त्यामुळे व्याजदर, विमा मर्यादा, टीडीएसची मर्यादा असले आकडे कॉन्स्टंट करू नयेत.

दोन सावधगिऱ्या

पहिली : फळा सर्वांचा असला, तरी तो एका शाखेपुरताच असतो. १९८४ च्या डॉ. सी. रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यांत्रिकीकरण वाढले, पण सुरुवातीला प्रत्येक शाखेची यंत्रे स्वतंत्र होती. दर बदलला की प्रत्येक शाखेत वेगळा भरावा लागे. कोअर बँकिंग आल्यावर तो मध्यवर्ती ठिकाणी एकदाच भरणे शक्य झाले. स्टॅटिक व्हेरिएबलही एका चालू प्रोग्रामपुरतेच असते. तोच प्रोग्राम दोन संगणकांवर चालवला, तर फळे दोन होतात. प्रोग्राम बंद केला, तर फळाही पुसला जातो. जे टिकवायचे ते डेटाबेसमध्येच ठेवावे.

दुसरी : एकाच फळ्यावर दोघे लिहू लागले तर घोटाळा होतो. नव्या खात्याला क्रमांक देण्यासाठी ‘पुढचा क्रमांक’ हे स्टॅटिक व्हेरिएबल वापरतात. दोन खिडक्यांवरच्या दोघांनी एकाच क्षणी फळ्यावर ५०१ वाचले, तर दोघेही आपापल्या ग्राहकाला ५०१ देतील. आपल्याकडे टोकन एकाच हातातून दिली जात ती म्हणूनच. प्रोग्राममध्येही ‘एकाचे वाचून-लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे’ अशी कुलपाची सोय करावी लागते.

तीन प्रश्न

सारांश असा की, प्रोग्राममध्ये कोणताही आकडा लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा एकाचा आहे की सर्वांचा? तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि बदलल्यावर जुना आकडा पुन्हा लागणार आहे का? एकाचा असेल तर तो ऑब्जेक्टमध्ये. सर्वांचा आणि बदलता असेल तर स्टॅटिक. कोणालाच बदलता येऊ नये असा असेल तर नाव दिलेला कॉन्स्टंट. जुना लागणार असेल तर तारखांची नोंदवही.

घरी कोणी हा विषय शिकत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आपले पासबुक त्याच्यापुढे ठेवावे. नाव, खातेक्रमांक, शाखेचा आयएफएससी कोड, व्याजाची नोंद, शिल्लक, यांतले काय पानावरचे, काय फळ्यावरचे आणि काय कोरलेले हे त्यालाच सांगू द्यावे. आयएफएससी कोडापाशी तो थोडा घुटमळेल. घुटमळू द्यावे. अकरा अक्षरांचा कोड, त्यातली पहिली चार बँकेची, पाचवे शून्य आणि शेवटची सहा शाखेची, एवढेच सांगावे. मग कोणती अक्षरे किती जणांना सामाईक आहेत आणि बँकेचे विलीनीकरण झाले तर त्यांचे काय होईल, हे त्याचे त्याला सापडेल.