देणगी मागताय? मग परत फिरण्याचंही आधीच सांगून ठेवा!

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय! गावच्या शाळेच्या वाचनालयासाठी पैसे उभे करतोय. मी चालेन त्या प्रत्येक किलोमीटरमागे दहा रुपये द्या ना!’ खाली क्यूआर कोड. दोन दिवसांत आत्या, शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, सगळे होकार कळवतात. आता मेसेज टाकणाऱ्याला विचारा, आजवरचा मोठ्यात मोठा ट्रेक कोणता? उत्तर येतं, पावसाळ्यातला सिंहगड. वर पिठलं-भाकरी, खाली येऊन स्टेटस.

हा मेसेज तुमचा असेल, तर हसू नका आणि घाबरूही नका. बेस कॅम्पला गिर्यारोहक असावं लागत नाही, दोरावर लटकायचं नसतं. नवखी माणसंही तिथे जाऊन येतात. फक्त तयारी कशाची करायची, हे नीट समजून घ्या.

कळसूबाई आणि बेस कॅम्प

आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या, तरी बेस कॅम्प वरच उरतो! लुक्ल्याला विमानातून उतरता, तीच जागा २,८०० मीटरच्या वर असते. तिथून जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटर चालायचं, तेही रोज, सलग दहा-बारा दिवस.

त्यामुळे हाताशी किमान तीन-चार महिने हवेत. आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणं किंवा हळू धावणं, दोन दिवस जिने चढणं-उतरणं आणि स्क्वॉट्स, आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक घेऊन एखादा गड. सुरुवात चार-पाच किलोंनी करा, वजन हळूहळू वाढवा. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन गड करा. पाय दुखत असताना दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालणं, हीच खरी परीक्षा असते. उतरण्याचा सरावही विसरू नका, गुडघे तिथेच बोलायला लागतात. आणि बूट निघायच्या आठवड्यात घेऊ नका. ते पायात रुळायला हवेत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी चावायला लागतील.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. विमानानं नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर काम भागत नाही. विमा काढताना तो तेवढ्या उंचीवरच्या ट्रेकला आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याला लागू आहे का, हे वाचून मगच पैसे भरा.

जिममधला स्टॅमिना इथे पुरत नाही

आता महत्त्वाचं. एवढं सगळं केलं, तरी उंचीचा त्रास होणार नाही, याची खात्री नाही. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. त्याची सवय शरीराला वर गेल्यावरच होते, गडावर सराव करून नाही. उलट फिट पोरंच जास्त अडकतात, कारण ती भरभर वर जातात.

साधा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबायचं. म्हणूनच नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि डिंगबोचे (४,४१० मीटर) इथे सहसा दोन-दोन रात्री राहतात. ‘सहा दिवसांत बेस कॅम्प’ असं पॅकेज कुणी स्वस्तात देत असेल, तर सरळ नाही म्हणा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, गरगरणं ही पहिली लक्षणं. ती दिसली, की वर चढणं थांबवायचं. थांबूनही वाढली, तर खाली उतरायचं. बसल्याजागी दम लागतोय, किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येत नाहीये, बोलण्यात गोंधळ होतोय, तर सकाळची वाट बघू नका. लगेच खाली, आणि एकट्याला कधीच नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते. उंचीसाठीच्या गोळ्या मित्रानं घेतल्या म्हणून आपणही घेऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, दमा, अॅनिमिया, अॅलर्जी, सगळं सांगा.

देणगीचं ओझं

इथेच देणगीच्या ट्रेकची खरी गोम आहे. समजा, डिंगबोचेला रात्री तुमचं डोकं ठणकतंय. साधा ट्रेकर म्हणेल, ‘चला, उतरू या.’ तुमच्या डोळ्यांसमोर मात्र आत्या येते, बाई येतात, झेरॉक्सवाले काका येतात. ‘लोकांनी पैसे दिलेत, आता परत कसं फिरायचं?’ मग तुम्ही त्रास लपवता, गाइडला ‘मी ओके आहे’ म्हणता आणि सकाळी वर निघता. सॅकमधल्या आठ किलोंपेक्षा हे ओझं जड असतं.

ते घरीच उतरवून ठेवा. किलोमीटरमागे किंवा ‘पोहोचलास तर’ अशा अटीवर पैसे मागूच नका, ठरावीक रक्कम मागा. ती शक्यतो थेट संस्थेच्या किंवा शाळेच्या खात्यात जाऊ द्या, पावती तिथूनच मिळू द्या. तुमचं तिकीट, गाइड, लॉज यांचा खर्च वेगळा ठेवा आणि तो कोण करतंय, हे देणाऱ्यांना सांगून टाका. देणगीतून ट्रेक झाला, अशी शंकासुद्धा कुणाला यायला नको.

या खोऱ्यातलं एक उदाहरण बघा. १९५३ मध्ये तेनझिंग नोर्गे यांच्यासोबत एव्हरेस्टवर पोहोचलेले एडमंड हिलरी पुढे इथे पुन्हा पुन्हा येत राहिले. शेर्पांनी शाळा मागितली, आणि १९६१ मध्ये नामचेच्या वरच्या खुमजुंग गावात ती उभी राहिली. नामचेच्या थांब्याच्या दिवशी उंचीची सवय व्हावी म्हणून बरेच ट्रेकर या गावापर्यंत चढून परत येतात. तुम्हीही जा. शाळा उभी राहते ती वर्षानुवर्षं टिकलेल्या कामातून, बेस कॅम्पच्या एका फोटोतून नाही, हे तिथे आपोआप कळेल.

तेव्हा ग्रुपवरचा मेसेज आजच बदला. असा काहीतरी: ‘वाचनालयासाठी चालतोय. बेस कॅम्पपर्यंत जायचा प्रयत्न करेन. तब्येतीनं साथ दिली नाही तर वाटेतून परत फिरेन. तुमचे पैसे दोन्ही वेळेस शाळेलाच मिळतील.’ हे वाचूनही जे पैसे पाठवतील, त्यांच्यासमोर परत आल्यावर मान खाली घालावी लागणार नाही. आणि आत्याला फोन करून हेच एकदा तोंडी सांगा. ती बहुधा म्हणेल, ‘अरे, पैशांचं राहू दे, तू नीट ये!’