आटे बसले, पण जोड जुळला का?

श्रोतेहो, जीपखाली पेट्रोलचा वास आला की आपण चटकन नळी बदलतो. जोडाकडे मात्र कोणी पाहत नाही. खरी मेख तिथेच असते.

पोलादी तारांची वीण असलेल्या नळीत आतल्या रबरातून पेट्रोल वाहते आणि बाहेरची वीण दाब सोसते. कापण्यापूर्वी नळीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि बारीक दात्यांच्या करवतीने सरळ कापा, म्हणजे तारा विसकटत नाहीत. आतला चुरा झाडा. नळी जोडाच्या टोपणात बसवा, कडेला खूण करा, मग आतला तुकडा तेल लावून पिळा. खूण सरकली तर नळी मागे आली म्हणून समजा, आणि पुन्हा जोडा.

आता मुख्य गोष्ट. या जोडाच्या तोंडाचा उतार मधल्या रेषेपासून 37 अंशांचा, तर मोटारीच्या साध्या जोडांचा पुष्कळदा 45 अंशांचा असतो. काही मापांत, उदाहरणार्थ अर्ध्या इंचात, दोन्हींचे आटे सारखेच. म्हणून ते बिनबोभाट एकमेकांत बसतात. पण उतार जुळत नाहीत, आणि कितीही आवळले तरी पेट्रोल झिरपते.

गुरुजींनी हे दोन कोन फळ्यावर काढून दाखवावेत. फरक फक्त आठ अंशांचा. पण गाठ विस्तवाशी आहे!