मिसरूड फुटलेल्या पेशी

दिल्लीत एम्सच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत ल्युकेमियाचा संशय आला की रक्त किंवा बोनमॅरोचा नमुना फ्लो सायटोमीटरवर जातो. त्यात पेशी एकामागोमाग एक लेझरच्या झोतापुढून सरकतात. पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटणारी, चमकत्या रंगाची प्रतिपिंडे आधीच मिसळलेली असतात. कोणता रंग किती उजळला यावरून पेशीचे कूळ आणि वय कळते. या प्रथिनांना ‘सीडी’ क्रमांक देण्याची पद्धत १९८२ च्या पॅरिस परिषदेत रुजली.

या खुणांचे मोल मला सर्वांत जास्त पटते ते एपीएल, म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात. इथे १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि पेशीची वाढ पोरवयातच खुंटते. सीडी३३ ठळक असते. सीडी३४ आणि एचएलए-डीआर बहुधा नसतात. रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो, म्हणून जनुकीय अहवालाची वाट न पाहता ‘अ‍ॅट्रा’ सुरू करतात. हे ‘अ’ जीवनसत्त्वाचेच एक रूप. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८५ मध्ये ते पाच वर्षांच्या एका मुलीला दिले आणि ती बरी झाली.

अ‍ॅट्रा या पेशींना थेट मारत नाही, वाढवते. मिसरूड फुटले की पोरगा वयात आला हे कळते, तसे पेशीवर सीडी११बी उगवते. गुणसूत्रांतला बिघाड मात्र तसाच असतो. एकाच पेशीवर पोरवयाची आणि जाणतेपणाची, दोन्ही खुणा सापडतात.

पण सीडी११बी ही नुसती खूण नाही. निरोगी पांढरी पेशी त्याच प्रथिनाच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीला धरते आणि ऊतींत शिरते. हजारो पेशी एकदम वयात आल्या की त्या फुप्फुसांतही घुसतात. ताप येतो, धाप लागते, अंगात पाणी साठून वजन वाढते. या गुंतागुंतीचे नावच ‘डिफरन्शिएशन सिंड्रोम’. म्हणून औषध लागू पडत असतानाच रुग्णाचे रोज वजन करतात, श्वासावर नजर ठेवतात आणि शंका येताच डेक्सामेथासोन देतात. इथेही अहवालासाठी थांबत नाहीत.