चमत्कारानंतरचा घास

शेगाव स्टेशनवर उतरून उत्तरेची वाट धरली की सातपुड्याची निळसर रेघ हळूहळू जवळ येऊ लागते. दोन्ही हातांना काळीभोर जमीन, कपाशी आणि तूर. याच बाजूला, संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकाल हे गाव आहे. माती अशी की पाहणाऱ्याने हेवा करावा. पण आसपासच्या कितीतरी गावांत विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून तो पसरला आहे. वान धरणाचे गोडे पाणी नळाने आणण्याचा खटाटोप झाला, तो या खारेपणावर उतारा म्हणूनच.

या मुलखात एक इंग्रजी शब्द म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीही सहज येतो. तो शब्द म्हणजे ‘किडनी’. गावकरी या दुखण्याची सांगड खाऱ्या पाण्याशी घालतात. डॉक्टर मंडळी जपून बोलतात. मधुमेह, रक्तदाब, मनाला येतील तशा घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, अशी इतरही कारणे ते सांगतात. कारण काहीही असो, कर्त्या माणसाची मूत्रपिंडे निकामी झाली की घराचा आढाच मोडतो. आणि हेच दुखणे एखाद्या लहान लेकराला झाले तर?

लेकरांना ते होते. मूत्रमार्गात जन्मतःच अडथळा असतो आणि मूत्रपिंडे वाढीच्या वयातच खचतात. कधी यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच बाळाला नसतात किंवा बुजून जातात. अशा घरापुढे डॉक्टर एक दिवस तो शब्द उच्चारतात : अवयवारोपण. म्हणजे दुसऱ्याच्या देहातला अवयव काढून या लेकराच्या देहात बसवायचा. ही गोष्ट ऐकून कोणत्याही आईबापांच्या पायांखालची जमीन सरकेल. आज आपण अशा प्रसंगी एका ख्रिस्ती घराच्या मनात काय काय चालते, त्यांची श्रद्धा त्यांना कुठे साथ देते आणि कुठे पेचात टाकते, ते पाहणार आहोत.

वऱ्हाडातले ख्रिस्ती घर

वऱ्हाडाला ख्रिस्ती कुटुंबे नवीन नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या मिशनने अकोला, खामगाव, बुलढाणा या भागांत काम केले. त्या काळच्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना मिशनांनी आसरा दिला. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची घरे आज तुमच्याआमच्यासारखीच मराठी घरे आहेत. ज्वारीची भाकरी, ठेच्याचा झणका, आणि रविवारी प्रार्थनामंदिरात मराठीतून उपासना.

अशा घरातले मूल आजारी पडले की मंडळी एकत्र जमते, पाळक घरी येऊन प्रार्थना करतात. शेजारची आजी शेगावच्या गजानन महाराजांना नवस बोलून येते आणि तो अंगारा हळूच उशाशी ठेवते. घरची माणसे तिला अडवत नाहीत. संकटात माणसे एकमेकांचे देव वाटून घेतात, हे आपल्या गावांचे जुने शहाणपण आहे.

पण मग पहिला प्रश्न येतो. जे देवाने दिले नाही ते माणसाने सुरीने मिळवावे काय? परमेश्वराची इच्छा असेल तर तो बरे करील. नसेल तर आपण कोण धडपडणारे? एखादा नातलग तसे बोलूनही दाखवतो. आणि दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ : पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने देहाची अशी चिरफाड करू द्यावी काय?

जुळ्या भावांची गोष्ट

हे प्रश्न ज्याने प्रथम अंगावर घेतले, तो शल्यविशारद स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळातले डॉ. जोसेफ मरे. २३ डिसेंबर १९५४ रोजी, नाताळ दोन दिवसांवर आलेला असताना, त्यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे एक मूत्रपिंड काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. माणसाच्या देहात यशस्वी झालेले हे पहिले मूत्रपिंडारोपण.

मरे यांच्यापुढे कौशल्यापेक्षा मोठा पेच धर्माचा होता. आजवर डॉक्टर सुरी चालवीत, ती रोग्याला बरे करण्यासाठी. इथे धडधाकट माणसावर सुरी चालवायची होती, आणि त्यात त्याचा स्वतःचा तिळभरही फायदा नव्हता. म्हणून त्यांनी निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंचा आणि कायदेपंडितांचा सल्ला घेतला, आणि मगच पाऊल टाकले. रिचर्ड आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी लग्न करून दोन मुलींचा बाप झाला आणि आठ वर्षे जगला. देणारा रोनाल्ड २०१० पर्यंत होता. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चर्चनेही या कामी पाठ फिरवली नाही. पोप पायस बारावे यांनी १९५६ मध्येच सांगितले की, मृताच्या डोळ्याचे पटल आंधळ्याला देण्यात धर्माला बाध येत नाही. ऑगस्ट २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे जमलेल्या अवयवारोपण-तज्ज्ञांपुढे अवयवदानाला प्रेमाचे कृत्य म्हटले. मात्र दोन अटी सांगितल्या. देणाऱ्याची समजून-उमजून संमती हवी, आणि देहाचा बाजार होता कामा नये.

आपल्या देशात केरळचे फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ साली आपले एक मूत्रपिंड ओळखदेख नसलेल्या एका हिंदू गृहस्थाला दिले. २०१६ साली पाला येथील साहाय्यक बिशप जेकब मुरिकन यांनीही एका हिंदू तरुणाला मूत्रपिंड दिले. प्रवचनात सांगितलेले त्यांनी अंगावर करून दाखवले.

हेही सांगायला हवे की, भारतातले पहिले यशस्वी मूत्रपिंडारोपण १९७१ साली झाले, ते वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टरणीने १९०० साली एका खाटेवर सुरू केलेली ही संस्था. मिशनच्या इस्पितळांत शस्त्रक्रियेच्या आधी प्रार्थना करण्याची रीत आहे. प्रार्थना संपते आणि सुरी हाती घेतली जाते. दोहोंत भांडण आहे असे तिथे कुणाला वाटत नाही.

काळजाचा तुकडा

मोठ्या माणसाचे मूत्रपिंड लहान मुलाच्या पोटातही बसवता येते. जुनी मूत्रपिंडे बहुधा तशीच राहू देतात आणि नवे खाली, ओटीपोटाच्या बाजूला जोडतात. यकृताची गोष्ट मात्र अधिक अवघड. अमेरिकेतले डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली तीन वर्षांच्या मुलावर पहिला प्रयत्न केला. मूल शस्त्रक्रियेच्या मेजावरच गेले. १९६७ साली दीड वर्षाची एक मुलगी त्यांच्या हातून वाचली आणि वर्षभराहून अधिक जगली. पण तोवर अवयव यायचे ते मृतांचे. बाळाच्या मापाचे यकृत मिळण्याची वाट पाहता पाहता कितीतरी बाळे निघून जात.

मग एक साधीच गोष्ट उपयोगी पडली. यकृताचा तुकडा कापला तरी उरलेले यकृत पुन्हा वाढते, आणि दुसऱ्याला जोडलेला तुकडाही त्याच्याबरोबर वाढतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे डॉ. रसेल स्ट्राँग यांनी एका आईच्या यकृताचा तुकडा तिच्या मुलाला यशस्वीपणे बसवला. आपल्याकडे नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो इस्पितळात कांचीपुरमच्या दीड वर्षाच्या मुलाला त्याच्या वडिलांनी यकृताचा भाग दिला. लहान मुलावर यशस्वी झालेले भारतातले हे पहिले यकृतारोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

काळीज या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असाच आहे. आपल्या आया पोराला ‘काळजाचा तुकडा’ म्हणत आल्या, तो शब्द शस्त्रक्रियेच्या मेजावर अक्षरशः खरा झाला.

इथे वाचक भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही आणि शी पांढुरकी होत असेल, तर काढे आणि मंत्र यांत दिवस घालवू नयेत. पित्तनलिकांचा दोष दोन महिन्यांच्या आत ओळखला गेला, तर जपानच्या डॉ. कसाई यांनी शोधलेल्या शस्त्रक्रियेने पुष्कळ बाळांचे यकृत वाचते किंवा आरोपणाची वेळ लांबते.

काटा असलेली प्रार्थना

आईबापांनी आपल्या देहातले देणे, इथवर श्रद्धेला फारसा अडसर येत नाही. पण आईबापांचे जुळले नाही तर? किंवा मुलाला हृदयच हवे असेल तर? मग दुसऱ्या कुणाच्या घरून ते यावे लागते. आणि बाळाला बाळाचेच हृदय लागते.

गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या आईला इथे एकदम काटा टोचतो. ‘प्रभो, माझ्या लेकराला हृदय मिळू दे,’ असे म्हणायचे, म्हणजे दुसऱ्या आईचे लेकरू जाऊ दे असे मागायचे काय? मोठमोठ्या धर्मपंडितांनाही हा प्रश्न चुकवता येणार नाही.

त्याचे उत्तर मला एका मुलाच्या गोष्टीत सापडते. १९९४ सालच्या सप्टेंबरात निकोलस ग्रीन हा सात वर्षांचा अमेरिकन मुलगा आईवडील आणि धाकट्या बहिणीबरोबर इटलीत सहलीला गेला होता. रात्रीच्या प्रवासात लुटारूंनी दुसऱ्याच कुणाची समजून त्यांची मोटार गाठली आणि गोळ्या झाडल्या. १ ऑक्टोबरला मेसिना येथे डॉक्टरांनी निकोलसचा मेंदू मृत झाल्याचे सांगितले. परक्या देशात, ज्या मातीवर आपले पोर मारले गेले त्याच मातीवर, रेज आणि मॅगी ग्रीन या मातापित्यांनी त्याचे अवयव आणि डोळ्यांची पटले देऊ केली. सात इटालियनांना ती मिळाली. त्यांतली मरणाच्या दारातून परतलेली एक मुलगी पुढे आई झाली. तिने मुलाचे नाव निकोलस ठेवले. इटलीतले अवयवदान पुढच्या दहा वर्षांत तिप्पट झाले. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या गावी, बोडेगा बे येथे, घंटांचे एक स्मारक आहे. मधली मोठी घंटा जॉन पॉल दुसरे यांच्या आशीर्वादाने आलेली आहे, आणि वारा आला की सगळ्या घंटा वाजतात.

निकोलस कुणाच्या प्रार्थनेमुळे गेला नाही. तो गेलाच होता. ज्या घरी मरण आले त्या घरी, त्या भयंकर रात्री, ‘हो’ म्हणण्याचे बळ कुणाला तरी मिळाले. तेव्हा वाट पाहणाऱ्या आईने मागायचे ते एवढेच : ज्या कुणावर हे दुःख येणार असेल, त्यांना ते सोसण्याचे आणि देण्याचे बळ दे. या प्रार्थनेत दुसऱ्याच्या लेकराचे वाईट चिंतलेले नाही. उलट ती आपल्याबरोबर त्या अनोळखी आईलाही देवापुढे नेते.

आपल्याकडेही हे घडले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतेच्या चौदा महिन्यांच्या बाळाचे हृदय विमानाने मुंबईस आणून मुलुंडच्या इस्पितळात साडेतीन वर्षांच्या एका मुलीला बसवण्यात आले. मानवी अवयवारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. मेंदू मृत झाल्याचा निर्णय चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून देते. मूल असेल तर आई किंवा वडील यांची संमती लागते. विदर्भासाठी वाटपाची समिती नागपूरला आहे. कुणाला द्यायचे ते यादी ठरवते. तिथे पैसा विचारला जात नाही, जातही नाही.

चमत्कारानंतर

शुभवर्तमानात याईर नावाच्या एका अधिकाऱ्याची गोष्ट आहे. त्याची बारा वर्षांची लेक मरते. येशू घरी येऊन तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते. सारे थक्क होऊन पाहत राहतात. आणि तेव्हा तो सांगतो की, तिला खायला द्या. इतक्या मोठ्या चमत्कारानंतर इतकी साधी गोष्ट! पण ज्या आईने आरोपण झालेले मूल घरी आणले आहे तिला या सांगण्याचे मर्म सर्वांत आधी कळते.

कारण खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. शरीर परक्या अवयवाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. त्याला आवर घालणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांतली दोन मोठी औषधे मातीनेच दिली : सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून मिळाले, टॅक्रोलिमस जपानच्या मातीतल्या सूक्ष्म जंतूंतून. गोळी सकाळी आणि रात्री, घड्याळाच्या ठोक्याला. लग्न असो, परीक्षा असो, नाताळची मध्यरात्रीची उपासना असो, वेळ चुकवायची नाही. ठराविक दिवसांनी रक्ताची तपासणी. पाणी उकळून, उघड्यावरचे खाणे बंद, पपनसासारखी औषधाशी वैर धरणारी फळे वर्ज्य. साधा ताप आला तरी इस्पितळ गाठायचे. वरवट बकालसारख्या गावाहून हे म्हणजे शेगावला येऊन गाडी धरणे, मजुरी बुडवणे, आणि थोरल्या भावंडाला शेजाऱ्यांकडे ठेवणे.

पुढे मूल सोळा वर्षांचे होते, आपण बरे आहोत असे त्याला वाटते, मित्रांत गोळी घ्यायची लाज वाटते, आणि कितीतरी चांगले बसलेले अवयव याच वयात हातचे जातात. शिवाय मूत्रपिंड जन्मभर पुरेलच असे नाही. मोठेपणी पुन्हा तीच वाट चालावी लागते. देव एकदाच धावून येतो आणि मग सारे सुरळीत होते, असे मानणारी श्रद्धा इथे टिकत नाही. रोजच्या गोळीएवढी होऊन जी श्रद्धा रोज सकाळी उठते, तीच टिकते.

मला वाटते, हे काही ख्रिस्ती घरापुरतेच नाही. दधीचीने अस्थी दिल्या हे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. पण दधीचीच्या घरच्यांना कुणी विचारले होते काय, हे आपण सांगत नाही. आज तो प्रश्न इस्पितळाच्या ओसरीवर, रडणाऱ्या माणसांना विचारला जातो, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येते. मन दुष्ट म्हणून नव्हे, तर त्याविषयी घरात कधी कुणी बोललेलेच नसते म्हणून. दिवाळीत सारे घर एकत्र असते. फराळाचे डबे उघडले जातात, आजी-आजोबा, सुना, लेकी, नातवंडे एका खोलीत बसतात. मरणाचा विषय सणासुदीला काढू नये असे म्हणतात. पण जगण्याचा विषय तर काढावा! आपल्यापैकी कुणावर तशी वेळ आली तर आपण काय म्हणू, हे एकदा बोलून ठेवावे. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या घरी एक आई पाणी उकळायला ठेवून, घड्याळाकडे पाहत, लेकराच्या तळहातावर गोळी ठेवत असेल. ती गोळी ठेवण्याचे भाग्य तिला लाभले, ते कुणीतरी वेळेवर ‘हो’ म्हटले म्हणून.