मध्यम निळ्या भिंती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीआधी रंगकाम निघालं की शेडकार्डवरच्या निळ्या पट्टीवर बोट हमखास थांबतं. मग घरातले, शेजारचे, रंगारी असे सगळेच सल्ले देऊ लागतात आणि अखेर ऑफव्हाइटचा डबा घरी येतो. आकाशीपेक्षा गडद आणि नेव्हीपेक्षा फिका असा हा मधला निळा खरं तर आपल्या घरांना फार शोभणारा रंग आहे. त्याच्याबद्दलचे बरेच समज परक्या हवामानातून, जुन्या काळच्या रंगांतून किंवा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केल्यामुळे आले आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : निळ्याने खोली अंधारी आणि लहान होते.

वस्तुस्थिती : रंग किती उजेड परत फेकतो हे एलआरव्ही या आकड्यात सांगतात. काळ्याचा आकडा ० आणि शुभ्र पांढऱ्याचा १०० धरला, तर ऑफव्हाइट साधारण ८० च्या आसपास असतो आणि मध्यम निळा २५ ते ४५ च्या दरम्यान. त्यामुळे चारही भिंती निळ्या केल्या तर उजेड कमी होणारच. पण तो किती कमी होईल हे छत, फरशी आणि उरलेल्या भिंतींवरही ठरतं. छत पांढरं ठेवून एक किंवा दोन भिंती निळ्या केल्या तर फारसं बिघडत नाही. भिंत मात्र विचार करून निवडावी. ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावर निळा काळपट दिसतो, कारण शेजारच्या उजेडाने डोळे दिपतात. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर उजेड तिरका पडतो आणि तिथे हाच निळा खुलतो. खोली लहान वाटते ती बहुधा रंगांच्या तुकड्यांमुळे. निळी भिंत, तपकिरी चौकट, पांढरी पट्टी अशा कडा वाढल्या की नजर जागोजागी अडते. चौकटीलाही भिंतीचाच निळा दिला तर भिंत सलग वाटते.

गैरसमज २ : उत्तरेकडच्या खोलीत निळा नकोच, खोली थंड आणि उदास वाटते.

वस्तुस्थिती : हा सल्ला उत्तर युरोपातल्या घरांसाठी योग्य आहे. लंडन ५१ अंश अक्षांशाच्या पुढे आहे. डिसेंबरमध्ये तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. मुंबई १९ अंशांवर आहे आणि त्याच दिवसांत इथला दुपारचा सूर्य ४७ अंशांपर्यंत चढतो. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. आपल्याकडे उत्तरेच्या खोलीत मिळतो तो सौम्य, दिवसभर फारसा न बदलणारा उजेड, आणि निळ्याला तो मानवतो. खरी अडचण दिशेची नसते, समोरच्या इमारतीची असते. हातभर अंतरावर दुसरी भिंत असेल तर खिडकी कोणत्याही दिशेची असो, निळ्याची फिकी छटाच घ्यावी.

गैरसमज ३ : बेडरूममध्ये निळ्या भिंती असल्या की झोप लागत नाही.

वस्तुस्थिती : ही गल्लत निळा प्रकाश आणि निळा रंग यांच्यातली आहे. डोळ्यांतल्या काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. रात्री तो प्रकाश भरपूर मिळाला की झोपेशी निगडित मेलाटोनिन कमी बनतं. पण भिंत स्वतः प्रकाश देत नाही, पडलेल्यातला थोडा परत पाठवते. झोपेची काळजी असेल तर मोबाइल आणि पांढरी ट्यूब लवकर बंद करावी. भिंतीचा रंग बदलून फरक पडणार नाही.

गैरसमज ४ : शेडकार्डवर दिसतो तसाच रंग भिंतीवर येतो.

वस्तुस्थिती : मधल्या निळ्याच्या बाबतीत सर्वांत जास्त निराशा इथेच होते. एकच छटा मोठ्या भिंतीवर जास्त ठसठशीत दिसते, कारण समोरासमोरच्या निळ्या भिंती एकमेकींवर निळाच उजेड टाकतात. इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. त्यात दिव्यांचा फरक पडतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली निळा तरतरीत दिसतो, तर २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली तोच राखाडी किंवा हिरवट होतो. म्हणून दिवे आधी ठरवावेत आणि छटा नंतर.

गैरसमज ५ : निळा रंग लवकर उडतो.

वस्तुस्थिती : ही आठवण चुन्याच्या काळातली आहे. चुन्यात नीळ कालवून भिंतीला हात दिला जाई आणि पाठ टेकली की तो सदऱ्याला लागे. तिथे दोष निळीचा नव्हता, चुन्याची भुकटी होत असे. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला प्रशियन निळा मात्र चुन्याच्या क्षाराने खरोखरच बिघडतो. १९३० च्या दशकात थॅलो निळा बाजारात आला. तो ऊन आणि क्षार दोन्ही चांगले सोसतो आणि आजच्या निळ्या इमल्शनमध्ये तो सर्रास वापरतात.

गैरसमज ६ : निळ्या भिंतीला वाळवी लागत नाही.

वस्तुस्थिती : जोधपूरच्या निळ्या घरांबद्दल असं सांगितलं जातं की वाळवी येऊ नये म्हणून चुन्यात मोरचूद घालत. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण आपल्या द्राक्ष बागायतदारांना बोर्डो म्हणून ठाऊक आहे. बुरशीवर ते काम करतं ते त्यातल्या तांब्यामुळे. निळेपणाचा त्यात काही वाटा नाही. आजच्या इमल्शनमध्ये मोरचूद नसतं, त्यामुळे वाळवीवर वेगळा उपाय करावाच लागतो.

गैरसमज ७ : गडदसर निळ्याखाली ओल झाकली जाते.

वस्तुस्थिती : उलट ती उठून दिसते. पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला की पांढरे क्षार बाहेर येतात. पांढऱ्या भिंतीवर ते खपून जातात, निळीवर लांबूनही दिसतात. आधी गळती बंद करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच पुट्टी आणि प्रायमर. नवं प्लास्टर असेल तर किमान चार आठवडे थांबावं. डागडुजीचे ठिपकेही या रंगावर लपत नाहीत, म्हणून सगळा रंग एकाच बॅचचा घ्यावा आणि थोडा राखून ठेवावा.

निवड करताना शेडकार्डवर विसंबू नये. दोन फूट बाय दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर दोन हात द्यावेत. वाळल्यावर तो तुकडा प्रत्येक भिंतीशी उभा करून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. पंखे, पडदे, सोफा जागेवर असू द्यावेत. दोन छटांत मन अडकलं तर जरा फिकी आणि थोडी राखाडीकडे झुकणारी घ्यावी, कारण भिंतीवर ती आपोआप भरते. एवढी खात्री केल्यावर निळा मनात असेल तर निळाच लावावा.