दुकान फोडणारा आणि दुकानवाला एका खोलीत

पोरानं दुकान फोडलं की पुढचं सगळं बोलणं पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांच्यात होतं. दुकानवाला साक्षीपुरता उरतो, पोरगा खाली मान घालून बसतो. न्यूझीलंडनं १९८९ साली कायदा करून या दोघांना एका खोलीत आणलं. त्या बैठकीला तिथे 'फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स' म्हणतात. आज हा कायदा मुख्यतः १४ ते १७ वर्षांच्या मुलांना लागू आहे. १७ वर्षांची मुलं २०१९ पासून त्यात आली. खून आणि सदोष मनुष्यवध मात्र त्याबाहेर.

याचं मूळ तिथल्या मूळनिवासी माओरी समाजाच्या संतापात आहे. माओरी मुलं मोठ्या संख्येनं घरापासून तोडून सरकारी संस्थांत टाकली जात होती. जॉन रंगिहाऊ यांच्या समितीनं १९८०च्या दशकात सरकारला स्पष्ट सुनावलं: मुलाचा निर्णय त्याच्या कुटुंबाला, कुळाला विचारल्याशिवाय घेऊ नका. माओरींच्या 'फानाऊ'मध्ये आईबापांबरोबर आजी, काका, मावश्या, चुलत भावंडं सगळेच येतात.

किरकोळ प्रकरणं बहुतेक वेळा पोलिसांचं युवा पथकच ताकीद देऊन किंवा माफी, भरपाई ठरवून मिटवतं. त्यापुढची बैठकीकडे जातात. प्रकरण युवा न्यायालयात गेलंच आणि आरोप 'नाकारत नाही' असं मुलानं सांगितलं, तर न्यायालयही आधी बैठकच घ्यायला लावतं.

बैठकीत पोलीस घटना वाचून दाखवतात. हे खरं का, असं मुलाला विचारलं जातं. मग ज्याचं नुकसान झालं तो बोलतो: काच किती रुंद होती, दुसऱ्या दिवशी दुकान कुणी झाडलं, बायको आता रात्री एकटी का थांबत नाही. हे ऐकताना मुलाला वकिलाच्या आड लपता येत नाही. त्यानंतर बाकीचे बाहेर जातात आणि घरची मंडळी आपसांत ठरवतात. माझ्या मते या व्यवस्थेचा सगळा जीव या बंद दारामागच्या वेळात आहे. कारण उद्यापासून पोरावर नजर कोण ठेवणार, शाळेत कोण सोडणार, भरपाईचे पैसे कुठून येणार, याची उत्तरं घरातल्यांनाच द्यावी लागतात. मग सगळ्यांसमोर आराखडा ठेवला जातो. पोलीस आणि पीडित यांनाही तो पटावा लागतो. त्यातलं सगळं मुलानं पुरं केलं, तर आरोप कधी ठेवलाच नव्हता असं समजून न्यायालय त्याला सोडू शकतं.

२००८ साली गिझबर्नमध्ये न्यायाधीश हीमी ताउमाउनु यांनी युवा न्यायालयच माओरींच्या सभागृहात, 'मारए'त नेलं. ठरलेला आराखडा मुलगा कितपत पाळतोय हे तिथे पाहिलं जातं. तिथे मुलाला आपला डोंगर, आपली नदी, आपलं कूळ सांगत स्वतःची ओळख करून द्यावी लागते. समोर बसलेले वडीलधारे त्याच्या आजोबांना ओळखत असतात.

दोषही आहेत, आणि ते लपवून या पद्धतीचं भलं होणार नाही. गॅब्रिएल मॅक्सवेल आणि अॅलिसन मॉरिस यांच्या सुरुवातीच्या अभ्यासात निम्म्याहून कमी बैठकांना पीडित हजर होते. न आलेल्यांत मुलाचं तोंडच पाहायचं नाही म्हणणारे अगदी थोडे. बाकी बहुतेकांना निरोप मिळाला नव्हता किंवा वेळ सोयीची नव्हती. म्हणजे घरोघर जाणाऱ्या, फोन करणाऱ्या समन्वयकाचं काम कमी पडलं की बैठक पोकळ होते. आणि न्यायालयात येणाऱ्या मुलांत माओरींचं प्रमाण आजही त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं फार जास्त आहे.

आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यात समुपदेशन आहे, सामुदायिक सेवा आहे, बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटसोबत दोन समाजसेवक आहेत. तरीही २०२४ साली पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन चालकाच्या गाडीनं झालेल्या जीवघेण्या अपघातानंतर लोकांच्या लक्षात राहिला तो जामिनासाठी लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध. त्या अटीत गेलेल्यांच्या घरच्यांना कुठेच जागा नव्हती, आणि लोकांचा राग मला रास्त वाटतो. इतकी गंभीर प्रकरणं बाजूला ठेवू. चोरी, मारामारी, तोडफोड यांत तरी राज्यातल्या बाल न्याय मंडळांनी, पीडिताची तयारी असेल तर, त्याला आणि मुलाच्या घरच्यांना समोरासमोर बसवून पाहावं, आणि त्यासाठी दारोदार फिरणारा माणूस आधी नेमावा.